करवंदाला लाड नकोत, ऊन हवं

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. पत्र मोठं आहे, म्हणून मुद्द्याचं तेवढंच इथे देते.

‘आमचं घर चिऱ्याच्या माळावर आहे. चार वर्षांपूर्वी नर्सरीतून करवंदाचं रोप आणून मागच्या दारी, मोरीचं पाणी जातं तिथे लावलं. बाजूला फणस आहे. झुडूप हिरवंगार आहे, माझ्या डोक्याच्या वर गेलंय, पण फळ नाही. गेल्या वर्षी शेंड्याला चार फुलं आली आणि गळाली. दर चतुर्थीच्या आसपास शेणखत घालते, अधूनमधून मूठभर युरियाही देते. कपडे वाळत घालताना फांद्या अडकतात म्हणून यजमान डिसेंबरात कोयत्याने छाटतात. ते आता म्हणतात, हे काढून टाकू आणि ऑनलाइन ब्ल्यूबेरीचं रोप मिळतं ते लावू. सासूबाई म्हणतात, काटेरी झाड दारात नकोच. शेजारीण म्हणते, त्याचा चीक विषारी असतो, आणि माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. पुढच्या बाजूचा गडगा एका ठिकाणी कोसळलाय, तिथून मोकाट गुरं आत येतात, तेही निस्तरायचं आहे. मला मात्र लहानपणी खाल्लेली करवंदं माझ्या मुलाला घरच्या झाडाची खायला मिळावीत असं वाटतं. काय करू?’

ताई, झाड काढू नका. तुम्ही लिहिलेल्या बारीकसारीक गोष्टींतच त्याला फळ का येत नाही याचं उत्तर आहे, आणि ते सगळं दुरुस्त होण्याजोगं आहे.

करवंद मूळचं कुठे वाढतं ते आठवा. आपल्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळी पठारावर, जिथे जांभ्यावर माती जेमतेम वीतभर, पावसाचे चार महिने पाण्याची धार आणि मग आठ महिने रखरख, तिथे ते गोल, गच्च, कमरेएवढं झुडूप होऊन बसतं आणि एप्रिल-मे महिन्यांत काळ्या फळांनी भरतं. तेच करवंद दाट रानात मोठ्या झाडांखाली सापडलं तर वेगळंच दिसतं. लांबलचक फांद्या काढून ते दुसऱ्या झाडांवर चढतं, उजेडाकडे धावतं आणि फळ देतं अगदी थोडं. तुमच्या मागच्या दारी तुम्ही नकळत त्याला रानाची सावली दिली आणि वर कुळागराचं, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागायतीचं, पाणी दिलं. बारा महिने ओल, फणसाची सावली, शेणखत आणि त्यावर युरिया. इतकं सगळं मिळाल्यावर झुडूप पानं आणि फांद्याच वाढवत राहतं. फुलावर यायला त्याला पावसानंतरचा कोरडेपणा लागतो, वाढ थांबावी लागते. मोरीच्या पाण्याने ती थांबतच नाही.

आणि शेवटचा घाव डिसेंबरच्या छाटणीचा. करवंदाची फुलं फांदीच्या शेंड्याला झुपक्याने येतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर वाढलेली कोवळी फांदी थंडीत पक्व होते आणि साधारण जानेवारी अखेरपासून मार्चपर्यंत तिच्या टोकाला पांढरी, सुवासिक फुलं लागतात. यजमान डिसेंबरात नेमके तेच शेंडे कापतात. गेल्या वर्षीची चार फुलं बहुधा कोयत्यातून सुटलेल्या फांद्यांवर आली असावीत.

तेव्हा याच महिन्यात मोरीचं पाणी वळवा. चर खणून ते केळीकडे किंवा अळवाकडे न्या, त्यांना ते मानवतं. साबणाचं पाणी आणि सततची ओल करवंदाच्या मुळांशी नको. युरिया बंद, कायमचा. शेणखत वर्षातून एकदा, जूनमध्ये, चांगलं कुजलेलं एक घमेलं एवढंच पुरे. चूल पेटवत असाल तर पाऊस ओसरल्यावर ओंजळभर राख बुंध्यापासून थोडी लांब पसरा, आपल्या आंबट मातीला ती उपयोगी पडते. फणसाच्या त्या बाजूच्या खालच्या दोन-तीन फांद्या उतरवता आल्या तर पाहा. करवंदाला दिवसाचं निदान सहा तास थेट ऊन लागतं. त्याहून कमी मिळत असेल तर बाकी सगळं केलं तरी फळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच येईल, हे आधीच सांगून ठेवते.

छाटणी मेच्या अखेरीस किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात, धुवांधार पाऊस सुरू व्हायच्या आत करा. यंदा ती थोडी कडक होऊ द्या. सगळ्यात जुन्या, जाड फांद्यांपैकी एक तृतीयांश बुंध्यापासून काढा, आतल्या बाजूला वाढणाऱ्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या काढा आणि उरलेलं झुडूप छातीएवढ्या उंचीवर आणा. मधून उजेड आरपार जायला हवा. त्यानंतर पुढच्या फळापर्यंत कोयता लावायचा नाही. कपडे अडकत असतील तर दोरी हलवा, झुडूप नको. यजमानांना हे कारणासकट सांगा. डिसेंबरात का कापायचं नाही हे कळलं की ते ऐकतील, कारण कापण्यामागे त्यांचा हेतू वाईट नव्हताच.

कापताना पांढरा चीक वाहतो. तो हाताला, पात्याला चिकटतो आणि वाळला की काळा पडतो. आधीच हाताला आणि पात्याला खोबरेल तेल चोळून ठेवलं की नंतर सहज निघतो. लांब बाह्यांचा जुना सदरा, जाड हातमोजे आणि पायात चप्पल नव्हे, बूट घाला. करवंदाचा काटा वाळला की आणखी टणक होतो, चपलेच्या तळातून आरपार जातो, स्कूटरचा टायरही सोडत नाही. म्हणून कापलेली फांदी न फांदी मोजून उचला. फेकू नका. वाफ्यात भेंडी-चवळी पेरली असेल तर भोवती या कांट्या रचा, कोंबड्या आणि गुरं दोन्ही लांब राहतात.

झुडूप उपटून उन्हात नेऊन लावू का, असंही मनात येईल. चार वर्षांच्या करवंदाचं मूळ चिऱ्याच्या भेगांत खोल शिरलेलं असतं. मातीचा गड्डा धरून ते निघत नाही, मूळ तुटतं आणि झाड बहुतेक वेळा जगत नाही. त्यापेक्षा ते जागेवरच सुधारा आणि कोसळलेल्या गडग्याच्या बाजूला नवी रोपं लावा. तुमच्या पत्रातला मला सगळ्यात आवडलेला भाग तो गडग्याचाच आहे, कारण करवंदाची खरी जागा तिथेच आहे.

सासूबाईंचं म्हणणं मी टाळणार नाही. दारात, तुळशीवृंदावनाजवळ, येण्याजाण्याच्या वाटेवर काटेरी झुडूप असू नये, हे त्यांचं मत व्यवहाराला धरूनच आहे. सकाळी अंधारात अनवाणी बाहेर पडणाऱ्या माणसाला ते कळतं. पण हद्दीवर काटेरी वई, म्हणजे कुंपण, असणं ही आपल्या गावांची जुनी रीत आहे, आणि ती त्यांनी नक्कीच पाहिली असेल. त्यांच्याशी वाद घालू नका. नवी रोपं कुठे लावायची ते त्यांनाच विचारा. जुन्या माणसांना कोणत्या बाजूने गुरं शिरतात, कुठे पाणी तुंबतं, कुठे दुपारचं ऊन पडतं हे आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

वईसाठी रोपं दोन-अडीच फुटांवर लावा, शक्य असेल तर दोन ओळींत, एकाआड एक. दाट वाढलेल्या अशा वईतून गाय शिरत नाही. फक्त फळासाठी वेगळी झुडपं लावायची असतील तर दोघांत निदान सहा-सात फूट ठेवा. हद्दीच्या रेषेपासून तीन फूट आत या. फांद्या पसरतात, आणि शेजाऱ्याच्या अंगणात किंवा पंचायतीच्या रस्त्यावर काटे गेले की भांडणाला कारण मिळतं. एकाच रोपावर विसंबू नका. वेगवेगळ्या झुडपांच्या बियांपासून आलेली तीन-चार रोपं जवळपास असली की मधमाश्या, फुलपाखरं आणि पतंग एकाचा पराग दुसऱ्याला नेतात आणि फळ चांगलं धरतं. तुमचं एकटं झुडूप फुलं गाळत होतं, त्यात या एकटेपणाचाही वाटा असू शकतो.

आता रोपं कुठून आणायची. इथे माझा आग्रह आहे आणि तो मी मोकळेपणाने मांडते. तुमच्या मुलाला तुम्ही लहानपणी खाल्ली तशी करवंदं द्यायची असतील तर ती आपल्याच सड्यावरच्या बियाण्याची असू द्या. नर्सरीत पांढरट-गुलाबी, मोठ्या फळांची जी करवंदं मिळतात ती दिसायला सुरेख असतात, पण चवीला आंबट. केकवरच्या लाल ‘चेरी’ पुष्कळदा याच फळांना साखरेच्या पाकात मुरवून आणि रंग देऊन बनवतात. उत्तरेत पंतनगरच्या कृषी विद्यापीठाने पंत मनोहर, पंत सुदर्शन, पंत सुवर्णा अशा जाती काढल्या आहेत. त्या तिकडच्या हवेसाठी चांगल्या, पण त्यांचं फळ पावसाळ्यात तयार होतं आणि आपल्या पावसात ते झाडावरच सडायची भीती. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही जात आपल्या हवामानाला जवळची. फळ टपोरं, लोणच्याला आणि जॅमला उत्तम. लोणच्यासाठी म्हणून तिचं एखादं रोप जरूर लावा. पण नुसतं तोंडात टाकायला, ओठ काळे-जांभळे करून घ्यायला, रानातलं लहान काळं करवंदच हवं.

आणि ते रान आता कमी होत चाललंय. खाणींनी डिचोली, सत्तरी, सांग्याचे डोंगर खरवडले. मोप्याच्या सड्यावर विमानतळ झाला. जिथे तिथे पठारावर वसाहती उभ्या राहताहेत, आणि जमीन ‘साफ’ करताना बुलडोझर सर्वांत आधी ही झुडपंच उपटतो, कारण कागदावर ती झाडं नसतातच, नुसतं झाडोरं. एका सड्यावरचं करवंद गोड, दुसऱ्यावरचं तुरट, तिसऱ्यावरचं मोठं आणि रसाळ. ही विविधता कुठल्याही नर्सरीत मिळत नाही. ती एकदा गेली की गेली. परसबागेत लावलेलं एकेक रोप त्यातलं थोडंफार वाचवतं असं मला मनापासून वाटतं.

बी मिळवणं सोपं आहे, आणि त्याची वेळ एप्रिल-मेचीच. डोंगर पालथा घालायची गरज नाही, अभयारण्यात शिरून फळं तोडणं तर नकोच. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जा, किंवा डिचोली-साखळीच्या रस्त्याच्या कडेला पानाच्या खोल्यात, म्हणजे द्रोणात, कांटां (इथलं करवंदांचं नाव), चुन्नां नावाची रानफळं, जांभळं घेऊन बसलेल्या बायांकडून दोन-तीन खोले घ्या. वेगवेगळ्या बायांकडून घ्या. एकेक फळ चाखा. जिची करवंदं जास्त गोड आणि गरदार लागतील तिला विचारा, कुठल्या डोंगरावरची. त्यांना झुडूपन् झुडूप माहीत असतं आणि विचारलं की त्या आनंदाने सांगतात. भाव करू नका. भर उन्हात, काट्यांतून एकेक फळ वेचून आणलेलं असतं ते.

पूर्ण काळ्या, मऊ पडलेल्या फळांतल्या बिया काढा. पाण्यात चोळून गर आणि चिकटपणा पूर्ण जाऊ द्या, सावलीत एक दिवस पसरा आणि लगेच पेरा. डबीत घालून पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. करवंदाचं बी साठवणीत फार टिकत नाही, उगवण झपाट्याने घटते. पिशवीत माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत समान घ्या, तळाला भोकं असू द्या, बी नखभर खोल पेरा आणि पिशव्या पावसाच्या थेट माऱ्यात न ठेवता पडवीच्या कडेला, उजेड येईल अशा जागी ठेवा. दोन ते चार आठवड्यांत कोंब दिसतात. पहिल्या वर्षी वाढ सावकाश असते, हिरमुसू नका. ही रोपं पिशवीतच वर्षभर सांभाळा आणि पुढच्या मिरगाला जमिनीत लावा. बियांपासूनच्या झाडाला साधारण तिसऱ्या वर्षी फळ दिसू लागतं, आणि प्रत्येक झाड आईसारखंच निघेल असं नाही. म्हणून थोडी जास्तच रोपं करा.

एखाद्या ओळखीच्या घरी गोड करवंदाचं झुडूप असेल तर गुटी बांधा, ती हुबेहूब तसंच झाड देते आणि फळही लवकर येतं. जून-जुलैत पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीची इंचभर साल गोल काढायची. इथे बहुतेकांचं चुकतं ते चिकाकडे दुर्लक्ष केल्याने. चीक पुसून, वाहायचा थांबेपर्यंत वाट पाहून मगच कापाला मुळं फुटण्याचं संजीवक लावायचं, ओलं शेवाळ किंवा नारळाचा काथ्या गुंडाळायचा आणि वरून प्लास्टिक घट्ट बांधायचं. दोन-अडीच महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसली की फांदी खालून कापून पिशवीत लावा. नुसती फांदी खोचून करवंद क्वचितच जगतं, त्यात वेळ घालवू नका. तयार रोपं हवी असतील तर जुन्या गोव्यातल्या भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत किंवा तुमच्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात चौकशी करा. तुमच्या मातीचं परीक्षण कुठे होईल तेही तिथे कळेल.

खड्ड्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण चिऱ्याच्या जमिनीत सगळा खेळ तिथेच होतो. पहारीने दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा मेमध्येच करून ठेवा. मग त्यात दोन बादल्या पाणी ओता आणि रात्री पाहा. पाणी झिरपून गेलं असेल तर जागा उत्तम. तसंच उभं असेल तर खाली अखंड कातळ आहे आणि आपल्या सुमारे 3000 मिलिमीटर पावसात तो खड्डा चार महिने हौद होऊन राहील. करवंद दुष्काळ सोसतं, कमी माती सोसतं, पण मुळाशी तुंबलेलं पाणी सोसत नाही. अशा ठिकाणी खड्डाच करू नका. कोसळलेल्या गडग्याचे तुकडे आणि माती घालून फूटभर उंचवटा करा आणि त्यावर लावा, मुळं आपली वाट भेगांतून शोधतात. खड्डा भरताना निघालेलीच माती वापरा, तीन भाग मातीला एक भाग शेणखत. विकतची काळी माती नको.

मिरगाचे पहिले दोन-चार पाऊस पडून जमीन भिजली की लावा. पाऊस थांबला, म्हणजे ऑक्टोबरात, बुंध्याभोवती पालापाचोळा आणि वर नारळाची चुडतं घाला, पण खोडाला टेकवू नका. चिऱ्याच्या जमिनीत वाळवी असतेच, तिला थेट खोडापर्यंत पूल बांधून द्यायला नको. पहिल्या उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी अर्धी बादली पाणी द्या, दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्याने. तिसऱ्या वर्षापासून पाण्याची आठवण ठेवायची गरज नाही. फक्त फळ धरल्यावर, एप्रिलच्या काहिलीत, पंधरा दिवसांतून एकदा बादलीभर दिलंत तर फळ थोडं भरतं. फुलं असताना मात्र अजिबात नाही.

कीड फारशी नसते. कोवळ्या शेंड्यांवर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण आणि त्याच्यामागे मुंग्या दिसल्या तर निंबोळी तेल, लिटरला पाच मिली, साबणाच्या थेंबासह फवारा. पानं खाणाऱ्या अळ्या हाताने वेचल्या तरी चालतं. बुलबुल फळं खाणारच, खाऊ द्या. त्यांच्या पोटातूनच तर ही झुडपं डोंगरभर पसरली. मासेमारीचं जुनं जाळं झुडपावर टाकायची सवय काही घरांत आहे, ती कृपा करून करू नका. त्यात पक्षी अडकतात, साप अडकून तडफडतात. चार फांद्या स्वतःसाठी राखायच्या असतील तर त्यांच्यावर जुन्या मलमलीचं कापड सैल बांधा.

आता मुलाबद्दल, आणि शेजारणीच्या शंकेबद्दल. पिकलेलं करवंद निर्धोक आहे, आपण पिढ्यान् पिढ्या खात आलोय. कच्च्या फळाचा आणि फांदीचा चीक मात्र ओठांना चिकटतो, जीभ चरचरवतो, डोळ्यात गेला तर आग होते. डोळा भरपूर साध्या पाण्याने धुवायचा आणि दुखत राहिला तर डॉक्टरांकडे न्यायचं. शेजारणीची भीती अगदीच निराधार नाही. करवंद ज्या कुळातलं, त्याच कुळात कण्हेर आणि पिवळी बिट्टी आहेत, त्यांनाही असाच पांढरा चीक येतो आणि ती दोन्ही झाडं खरोखर विषारी आहेत. बिट्टीचं फळ तर जिवावर बेतू शकतं. सड्यावर करवंदाच्या शेजारीच घाणेरी वाढते, तिची बारीक काळी फळं मुलांना करवंदासारखी वाटू शकतात, आणि तिचं कच्चं हिरवं फळ बाधतं. म्हणून मुलाला तुमच्याच झुडपापाशी नेऊन ओळख करून द्या. पानं समोरासमोर जोडीने, गुळगुळीत, जाडसर. काटेही जोडीने, कधी टोकाला दुभंगलेले. फुलं पांढरी, पाच पाकळ्यांची. आणि एक नियम घालून द्या, मोठ्या माणसाला दाखवल्याशिवाय कुठलंही रानफळ तोंडात नाही. तुमच्या अंगणात बिट्टी किंवा कण्हेर असेल तर करवंदाइतकाच, खरं तर जास्तच, विचार तिचा करा.

काटा रुतला तर पूर्ण निघालाय ना ते पाहा, साबणाने धुवा. खोल गेला असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं आहे का ते तपासा. वईच्या आतल्या बाजूने चार फूट जागा खेळायला मोकळी ठेवा, म्हणजे चेंडू आणायला तो काट्यांत शिरणार नाही.

ब्ल्यूबेरीबद्दल थोडक्यात. तिला आंबट माती लागते, ती एक वेळ आपल्याकडे आहे. पण तिच्या बहुतेक जातींना फुलावर यायला हिवाळ्यात सात अंशांच्या खालची थंडी शेकडो तास लागते, आणि आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेही पारा विशीच्या आसपासच रेंगाळतो. शिवाय तिची मुळं बारीक आणि उथळ, आपल्या जुलैत कुजायची आणि आपल्या एप्रिलमध्ये करपायची. यजमानांना बेरीच हवी असेल तर त्यांना सांगा, करवंद ही आपली बेरीच आहे. तिला फ्रीज लागत नाही, कुरियर लागत नाही, आणि चिऱ्याच्या जमिनीत दुसरं काही धड येत नाही तिथे ती येते.

फळ आल्यावर सगळं पिकण्याची वाट पाहत बसू नका. मार्चअखेर-एप्रिलमध्ये हिरवी, कडक करवंदं उतरवली की राहिलेल्या फळांना जागा मिळते. ती मिठाच्या पाण्यात तासभर ठेवून चीक काढा, दोन भाग करून बिया काढा आणि मोहरी, हिंग, मिरची, गूळ घालून लोणचं करा. ओलं खोबरं आणि हिरव्या मिरचीबरोबर वाटलेली चटणी पेजेसोबत फार छान लागते. पुरुमेंतासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसाठी, अख्खी करवंदं खारवून बरणीत भरून ठेवली की पावसात, मासे महाग झाले की, उपयोगी पडतात. कच्च्या फळात पेक्टिन भरपूर असतं, त्यामुळे जॅम करताना पिकलेल्यांबरोबर थोडी अर्धकच्ची घाला, बाहेरून काही न घालता तो घट्ट होतो. पिकलेली मात्र पहिला जोराचा पाऊस यायच्या आत संपवा. पाऊस लागला की फळ फुटतं, बेचव होतं, आत किडे पडतात.

तुमच्या मागच्या झुडपाला यंदा जूनमध्ये छाटलंत, पाणी तोडलंत आणि ऊन मिळवून दिलंत, तर येत्या फेब्रुवारीत शेंड्यांकडे लक्ष ठेवा. जुनी ओल उतरायला वेळ लागतो, त्यामुळे पहिल्या वर्षी फुलं कमी आली तरी युरियाकडे वळू नका, दुसऱ्या वर्षाची वाट पाहा. दुसऱ्या फेब्रुवारीतही फुलं नसतील तर तिथे ऊन कमी पडतंय असं समजा आणि ते झुडूप वासाच्या फुलांसाठी व पक्ष्यांसाठी राहू द्या. तोवर गडग्याकडची रोपं जमिनीत गेलेली असतील आणि त्यांना सकाळपासून दुपारपर्यंत ऊन मिळत असेल.